किशोरवयीन गर्भधारणेचे स्थानिक मापन : हिंगोली जिल्ह्याच्या अभ्यासाची प्रस्तावना

एखाद्या जिल्ह्यात पंधरा ते एकोणीस वर्षे वयाच्या किती मुली आई झाल्या अथवा गरोदर राहिल्या, हा प्रश्न वरकरणी साध्या मोजदादीचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर देऊ पाहणाऱ्याला मुलीचे खरे वय कोणते, तिला माहेरच्या गावची धरायचे की सासरच्या, बाळंतपण कोठे झाले, त्याची नोंद कोणी व कोणत्या कागदावर केली आणि त्या नोंदीमुळे तिच्या घरच्यांवर पुढे काय ओढवणार होते, या सर्व गोष्टींचा आधी निकाल लावावा लागतो. हा निकाल प्रत्येक यंत्रणा आपापल्या परीने लावते, आणि म्हणून एकाच जिल्ह्याविषयी, एकाच वर्षात, परस्परांशी न जुळणारे आकडे प्रसिद्ध होतात. अशा आकड्यांवरून जिल्ह्यांची क्रमवारी लावण्याची घाई अलीकडे वाढली आहे. प्रस्तुत ग्रंथ त्या घाईला आवर घालण्यासाठी आणि मोजणीचे काम अधिक गांभीर्याने व्हावे यासाठी सिद्ध झाला असून, त्याने अभ्यासासाठी मराठवाड्यातील हिंगोली हा लहानसा जिल्हा निवडला आहे.

या विषयात नव्याने प्रवेश करणाऱ्या वाचकाची पहिली अडचण अशी की, किशोरवयीन गर्भधारणेचा दर या एकाच नावाखाली तीन वेगळी मापे वावरत असतात. पहिले माप वयविशिष्ट जननदराचे, म्हणजे एका वर्षात त्या वयोगटातील दर हजार मुलींमागे झालेल्या जिवंत जन्मांचे. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांमध्ये हेच माप स्वीकारले असून ते दहा ते चौदा आणि पंधरा ते एकोणीस अशा दोन वयोगटांसाठी वेगवेगळे काढले जाते. दुसरे माप राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आहे, आणि पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी किती टक्के मुली पाहणीच्या दिवशी आई झालेल्या होत्या किंवा गरोदर होत्या, हे ते सांगते. तिसरे माप खऱ्या अर्थाने गर्भधारणेचे असून त्यात जन्मांबरोबर गर्भपातही धरले जातात. त्यासाठी गर्भपातांची वयवार, पत्त्यासह आणि जवळजवळ संपूर्ण नोंद लागते, आणि ती जगातील थोड्याच देशांत उपलब्ध आहे. पहिले माप वर्षभरात काय घडले ते सांगते, तर दुसरे पाहणीच्या दिवसापर्यंत काय साठले ते सांगते. महाराष्ट्रासाठी दुसऱ्या मापाचा आकडा २०१५-१६ मध्ये ८.३ टक्के आणि २०१९-२१ च्या फेरीत ७.६ टक्के होता. परंतु या ७.६ टक्क्यांना दर हजारी ७६ समजून त्याची तुलना दुसऱ्या देशाच्या जननदराशी करणे हे सरळ चुकीचे गणित आहे, आणि तरीही ते वारंवार केले जाते.

भारतात, आणि विशेषतः महाराष्ट्रात, या प्रश्नाची चर्चा लग्नाच्या वयापासून सुरू झाली. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाहावरील आपली टिपणे प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी मुंबईत रखमाबाईंविरुद्धचा खटला उभा राहिला; पुढे १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेले, आणि त्या वेळी टिळक एका बाजूस व आगरकर, रानडे, भांडारकर दुसऱ्या बाजूस असा जो वाद पेटला तो मराठी वाचकाला परिचित आहे. तुलनेने विस्मरणात गेलेली गोष्ट अशी की, १९२८-२९ मध्ये याच विषयाच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष अमरावतीचे सर मोरोपंत जोशी होते, आणि त्या समितीने देशभर प्रश्नावल्या पाठवून व साक्षी नोंदवून बालवयातील लग्न आणि मातृत्व यांविषयी जी माहिती गोळा केली ती या विषयावरील पहिली व्यापक पाहणी मानता येते. सारडा कायदा म्हणून ओळखला जाणारा १९२९ चा कायदा मुलींसाठी चौदा वर्षांची मर्यादा घालून १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. मात्र तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता, आणि आजचा हिंगोली जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. ही मर्यादा १९४९ मध्ये पंधरा आणि १९७८ मध्ये अठरा वर्षांची झाली. सुधारकांच्या या परंपरेने जनगणनेतील विवाहितांचे तक्ते बारकाईने वाचले. परंतु तिचे लक्ष लग्नावर होते आणि गर्भधारणा हा लग्नाचा ओघाने येणारा परिणाम म्हणून गृहीत धरला जात असे.

स्वातंत्र्यानंतर हे काम लोकसंख्याशास्त्राने हाती घेतले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांनी पुणे जिल्ह्यातील जनन व मृत्युमानाची केलेली पाहणी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि अशा पाहण्यांनी गावोगाव घरी जाऊन बायकांना त्यांच्या बाळंतपणांचा क्रम विचारण्याची पद्धत या प्रांतात रुजवली. मुंबईत १९५६ मध्ये स्थापन झालेल्या, आज आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने हे शास्त्र शिकवण्याची सोय केली, आणि एस. एन. अगरवाला यांचा भारतातील विवाहवयावरील ग्रंथ १९६२ चा आहे. या परंपरेचे ऋण मोठे आहे, कारण वय चुकीचे सांगितले जाते हे गृहीत धरून ते तपासण्याची आणि दुरुस्त करण्याची साधने तिनेच दिली. तथापि तिच्या दृष्टीने सतरा वर्षांची आई ही लोकसंख्यावाढीच्या आलेखाचा आरंभबिंदू होती; त्या मुलीच्या रक्तातील लोह, तिची सुटलेली शाळा किंवा तिची इच्छा यांना त्या आलेखात जागा नव्हती. ती जागा १९९४ च्या कैरो परिषदेनंतर, प्रजनन आरोग्य आणि हक्क यांची भाषा शासकीय कार्यक्रमांत आल्यावर, हळूहळू निर्माण झाली.

महाराष्ट्रात या बदलाला क्षेत्रकार्याची भक्कम जोड मिळाली. पैठण तालुक्यातील पाचोड येथे डॉ. अशोक दयालचंद यांच्या संस्थेने लग्न लांबवण्यासाठी किशोरींबरोबर आणि पहिली गर्भधारणा लांबवण्यासाठी विवाहित किशोरींबरोबर जे काम केले, त्यातून विवाहित किशोरी हा स्वतंत्र गरजा असलेला गट आहे हे मराठवाड्याच्या भूमीवरच स्पष्ट झाले. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातील प्रत्येक जन्म व मृत्यू गावातल्याच प्रशिक्षित माणसाकडून नोंदवून घेण्याची शिस्त घालून दिली, आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने राज्यातील बालमृत्यूंची शासकीय नोंद वास्तवापेक्षा किती कमी आहे हे दाखवून दिले. तो अहवाल बालमृत्यूंचा असला, तरी स्थानिक मोजणीचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने त्यातून घ्यायचा धडा असा की, वर पाठवायचा आकडा खालच्या कर्मचाऱ्याच्या कामाची परीक्षा ठरला, की तो आकडा आकसू लागतो.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे त्याचे पाच तालुके असून २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार होती आणि तिच्यातील जेमतेम पंधरा टक्के लोक शहरांत राहत होते. हळद, सोयाबीन आणि कापूस यांवर चालणारे शेतीजीवन, बंजारा तांडे, आंध आदिवासींची गावे आणि ऊसतोडीसाठी दर हिवाळ्यात होणारे स्थलांतर ही या जिल्ह्याची ओळख आहे. विसाव्या शतकातल्या कोणत्याही पाहणीत हिंगोलीचा स्वतंत्र आकडा शोधणाऱ्याच्या हाती जुन्या परभणीचा एकत्रित आकडा येतो, आणि कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने जिल्हानिहाय अंदाज देण्यास प्रारंभ केला तोच मुळी २०१५-१६ च्या चौथ्या फेरीपासून. त्यामुळे या जिल्ह्यातील दीर्घकालीन बदलाविषयी ठामपणे बोलणाऱ्याने आपला आधार आधी दाखवला पाहिजे. सामाजिक पार्श्वभूमी मात्र स्पष्ट आहे. पाचव्या फेरीत, वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराव्या वर्षापूर्वी लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के होते. शेजारच्या परभणीत ते ४८ टक्के, बीडमध्ये ४३.७ टक्के, आणि हिंगोलीतही एक तृतीयांशाहून अधिक होते. पाश्चात्त्य देशांतील या विषयावरचे लिखाण प्रामुख्याने अविवाहित मुलींविषयी असते. हिंगोलीतील किशोरवयीन मातृत्व बव्हंशी लग्नाच्या चौकटीतले आहे, आणि हा भेद डोळ्यांआड झाला की उपाय बाहेरून उसने आणले जातात.

यानंतर मोजणीचा खरा अवघड भाग येतो. प्रत्येक दराला अंश आणि छेद असतात. अंश म्हणजे घडलेल्या घटना आणि छेद म्हणजे ज्यांच्या बाबतीत त्या घडू शकत होत्या अशा सर्व मुली. अंशासाठी सर्वांत मोठा स्रोत जन्मनोंदणीचा आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा असून जन्माची खबर एकवीस दिवसांत द्यावी लागते, आणि तिच्या प्रपत्राच्या सांख्यिकीय भागात आईचे लग्नाच्या वेळचे वय व या बाळंतपणाच्या वेळचे वय असे दोन स्वतंत्र रकाने आहेत. हे दोन रकाने नीट भरले गेले, तर पाहणीवर खर्च न करता दरवर्षी, तालुक्यापर्यंतचा जननदर काढता येईल. पण नोंद होते ती जन्म जेथे झाला तेथे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत, वसमतच्या बाजूच्या लोकांना जवळचे पडणारे नांदेड, अडलेल्या बाळंतपणात नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे होणारी पाठवणी, आणि सेनगावकडून वाशिम जिल्ह्याशी असलेले सोयरिकीचे संबंध यांमुळे हिंगोलीच्या मुलींची कितीतरी बाळंतपणे दुसऱ्या जिल्ह्यांच्या खात्यावर जमा होतात आणि दुसऱ्यांची हिंगोलीच्या खात्यावर. आईचा राहण्याचा पत्ता प्रपत्रात असतो. त्यानुसार नोंदी पुन्हा वाटून घेतल्याशिवाय नांदेडचा दर फुगलेला आणि हिंगोलीचा दबलेला दिसण्याची शक्यता राहते. हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले असून, पाठवणीची दिशा बदलली तर मुलींच्या आयुष्यात कसलाही फरक न पडता जिल्ह्याचा आकडा वाढू शकेल, आणि ती वाढ अपयश म्हणून वाचली जाण्याचा धोका आतापासूनच ध्यानात ठेवावा लागेल.

आरोग्यसेविकेच्या नोंदवहीचे दुखणे निराळे आहे. गरोदर मातेची नोंद आशा कार्यकर्ती आणि उपकेंद्रातील आरोग्यसेविका करतात. सातव्या महिन्यानंतर त्याच नोंदीपुढे ‘माहेरी गेली’ किंवा ‘ऊसतोडीला गेली’ असा शेरा येतो, आणि बाळंतपणाचा रकाना कोरा राहतो. ऊसतोडीत मजुरी आणि मुकादमाकडून मिळणारी उचल एका ‘कोयत्या’वर ठरते आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, त्यामुळे हंगाम सुरू होण्यापूर्वी कोवळ्या वयात लग्न उरकण्यास आर्थिक कारण मिळते, आणि ज्या मुलीच्या बाबतीत जोखीम सर्वाधिक तीच मुलगी ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत गावाच्या प्रत्येक वहीतून गळते. पाचव्या सर्वेक्षणाचे महाराष्ट्रातील क्षेत्रकार्य जून ते डिसेंबर २०१९ या काळात झाले. त्याच्या अखेरच्या आठवड्यांत टोळ्या कारखान्यांवर पोहोचलेल्या असतात आणि कुलूपबंद घर प्रश्नावलीला उत्तर देत नाही.

वयाचा प्रश्न याहून नाजूक आहे. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि मुलीची आई सांगते ते वय या तिन्हींत अंतर असणे ही ग्रामीण भागात नवलाची गोष्ट नाही. जून महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेल्यांची शाळांच्या पटावरील गर्दी सर्वांनाच ठाऊक आहे. परंतु अठरा-एकोणीसच्या उंबरठ्यावरील चूक ही अनवधानाची चूक नसते. जननी सुरक्षा योजनेत महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी आईचे वय किमान एकोणीस असण्याची अट २०१३ पर्यंत होती, आणि ज्या कागदावर सतरा लिहिले की अनुदान बुडते त्या कागदावर एकोणीस लिहिले जाण्याकडे कल असणार हे समजण्यासारखे आहे. ती अट गेली, पण त्याआधीच २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अठरा वर्षांखालील मुलीच्या बाबतीत पोलिसांना खबर देणे सर्वांवर बंधनकारक केले होते, आणि विवाहित मुलीसाठीचा अपवाद सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ च्या निकालाने भारतीय दंड संहितेतूनही काढून टाकला. या तरतुदींमागील हेतू मुलीच्या रक्षणाचा आहे, याविषयी दुमत नाही. तथापि गरोदर सोळा वर्षांच्या मुलीला दवाखान्यात नेले तर नवरा आणि बाप दोघेही अडकतात हे कुटुंबाला कळले, की एक तर तिचे वय वाढते किंवा ती तपासणीलाच येत नाही. म्हणून एखाद्या तालुक्यात अठराखालील मातांची संख्या एकाएकी शून्यावर आली, तर अभिनंदनापूर्वी एकोणीस वर्षे नोंदवलेल्या मातांची संख्या त्याच प्रमाणात वाढली आहे काय, हे पाहिले पाहिजे. वयवार आलेखात एकोणीसवर उभा राहणारा असा सुळका हा वय लपवल्याचा संशय घेण्यास पुरेसा आधार आहे, आणि तो शोधण्यासाठी साधी वही व आलेखाचा कागद यांहून अधिक काही लागत नाही.

छेदाची स्थिती याहून बिकट आहे, कारण तो अजूनही २०११ च्या जनगणनेवरून पुढे मोजत आणावा लागतो. शिवाय लहान संख्यांचा स्वभावच चंचल असतो. पाच हजार वस्तीच्या उपकेंद्राच्या हद्दीत या वयाच्या साधारण सव्वादोनशे ते अडीचशे मुली असतात. समजा एका वर्षी त्यांपैकी दहाजणी बाळंत झाल्या आणि पुढल्या वर्षी चौदाजणी, तर दर चाळीस टक्क्यांनी वाढल्याची बातमी होऊ शकते, परंतु एवढा चढउतार केवळ योगायोगानेही होतो. जिल्हा पातळीवरही ही अडचण सुटत नाही. पाचव्या फेरीत महाराष्ट्रात ३३,७५५ स्त्रियांच्या मुलाखती झाल्या. छत्तीस जिल्ह्यांत वाटले असता प्रत्येकी नऊशेच्या आसपास, आणि त्यांतील पंधरा ते एकोणीस वयाच्या मुली सुमारे दीडशे. समजा अशा दीडशे मुलींत दहा टक्के आई झालेल्या अथवा गरोदर आढळल्या, तर खरे प्रमाण पाच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. ह्या पट्ट्याला विश्वासमर्यादा म्हणतात, आणि सर्वेक्षणातील कुटुंबे गावांच्या पुंजक्यांतून निवडली जात असल्याने हा पट्टा प्रत्यक्षात आणखी रुंद असतो. दहा टक्क्यांचा जिल्हा आणि तेरा टक्क्यांचा जिल्हा यांच्यात यावरून उच्चनीचता ठरवता येत नाही. जिल्ह्यांची यादी पहिल्यापासून छत्तिसाव्यापर्यंत छापणे हे सांख्यिकीच्या दृष्टीने असमर्थनीय आहे, असे या ग्रंथाचे स्पष्ट मत आहे.

यावर जगभर उत्तरे शोधली गेली आहेत. फे आणि हेरियट यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या पद्धतीपासून विकसित झालेले लघुक्षेत्र अनुमानाचे शास्त्र असे सांगते की, लहान क्षेत्राचा अस्थिर आकडा एकटा न वाचता, शेजारच्या व समान परिस्थितीच्या क्षेत्रांच्या माहितीचा टेकू देऊन वाचावा. अमेरिकेत काउंटी पातळीवरील किशोरवयीन जन्मदर याच वळणाने काढले जातात. इंग्लंडने १९९९ मध्ये राष्ट्रीय धोरण आखले तेव्हा अठरा वर्षांखालील गर्भधारणेचा दर, पंधरा ते सतरा वयाच्या दर हजार मुलींमागे, सुमारे ४७ होता आणि वीस वर्षांत तो १७ पर्यंत खाली आला. त्या यशाची कारणे पुष्कळ आहेत, पण तेथे स्थानिक प्रशासनाला मिळणारा आकडा मुलीच्या राहत्या पत्त्यानुसार होता, त्यात गर्भपात धरलेले होते आणि फार लहान क्षेत्रांसाठी तीन वर्षांची बेरीज दिली जाई, या गोष्टी अनुकरणीय आहेत. जॉन बोंगार्ट्स यांनी १९७८ मध्ये मांडलेली विभागणी हिंगोलीसाठी विशेष उपयोगी ठरते. तिच्यानुसार किशोरवयीन जननदर हा विवाहित मुलींचे प्रमाण आणि विवाहित मुलींमधील जननाचा वेग यांचा गुणाकार मानला, तर दोन जिल्ह्यांचा दर सारखा असूनही एकात लग्न थोपवण्याची आणि दुसऱ्यात लग्नानंतर पाळणा लांबवण्याची साधने पोहोचवण्याची गरज आहे, हे स्पष्ट होते.

याच संदर्भात सोळा वर्षांच्या आणि एकोणीस वर्षांच्या मातेला एका रकान्यात बसवण्याची प्रथा या ग्रंथाने नाकारली आहे. कायद्याने सज्ञान झाल्यावर लग्न करून एकोणिसाव्या वर्षी आई होणारी स्त्री आणि नववीतून शाळा सुटलेली मुलगी यांच्या शरीराची, शिक्षणाची व संमतीची अवस्था एक नव्हे. दोघींची बेरीज करून मिळालेला दर थोरलीच्या संख्येने हलतो आणि धाकटी त्यात दिसेनाशी होते. तेव्हा पंधरा ते सतरा आणि अठरा ते एकोणीस हे दर स्वतंत्र काढणे, पंधराखालील प्रत्येक घटना दर न काढता एकेक करून हाताळणे, नोंदी राहत्या पत्त्यानुसार वाटणे, तीन वर्षांची सरासरी वापरणे आणि प्रत्येक आकड्यासोबत त्याची विश्वासमर्यादा छापणे, ही या ग्रंथाची कार्यपद्धती आहे. अविवाहित मुलींच्या गर्भधारणा आणि खासगी दवाखान्यांतील गर्भपात या मोजणीच्या बाहेर राहतात. ती उणीव लेखकांनी लपवलेली नाही.

हे काम आत्ताच करण्यास कारण आहे. हाती असलेला जिल्हानिहाय आधार प्रामुख्याने २०१९ चा, म्हणजे टाळेबंदीने शाळा बंद पडण्यापूर्वीचा आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमातील १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच वयाचा मुख्य पुरावा ठरवला आहे, परंतु त्या मुली पंधरा वर्षांच्या होतील २०३८ मध्ये. तोपर्यंत वयाची आजची संदिग्धता कायम राहणार. जनगणनेची गणना २०२७ मध्ये होत असून तिच्यातून नवा छेद मिळेल. तो हाती येईल तेव्हा अंशाच्या नोंदी पत्त्यानुसार व वयानुसार लावून ठेवलेल्या असाव्यात, यासाठी ग्रामसेवक, आरोग्यसेविका आणि तालुका आरोग्य अधिकारी यांना उपयोगी पडेल अशी रीत घालून देण्याचा हा प्रयत्न आहे. ग्रामसेवकाकडे जन्मनोंदणीचे आणि बालविवाह प्रतिबंध अधिकाऱ्याचे अशी दोन्ही कामे एकाच वेळी असतात, आणि या दोन भूमिकांतील ओढाताण जोवर शासन सोडवत नाही तोवर त्याच्या वहीतील वय निर्भयपणे लिहिले जाणार नाही, असे ग्रंथाचे प्रतिपादन आहे. त्याच्याशी असहमत असणाऱ्यांनी आपल्या तालुक्याच्या नोंदी घेऊन ते खोडून काढावे.

या पद्धती आपल्या भागात लावून पाहणाऱ्या वाचकांना एकच विनंती आहे. तालुक्याखालील आकडे कामासाठी वापरावेत, पण गावाच्या नावानिशी छापू नयेत. ज्या वस्तीत अशा दोनच मुली आहेत, तेथे तक्त्यातला दोन हा आकडा वाचणाऱ्या प्रत्येकाला त्या दोघींची घरे ठाऊक असतात.